आधी जेवण, मग ट्रकखाली

आमच्या घरात ट्रकखाली शिरण्याआधी जेवायचं असतं. चहा-बिस्किटावर भागवायचं नाही. मांडी घालून, ताट वाढून, पोटभर जेवायचं. जेवणं झाली, भांडी घासून पालथी पडली, की मग ज्याला खाली शिरायचंय त्यानं खुशाल शिरावं. बीदरकडच्या आमच्या मेहकरात ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे आणि बरेच जण तिच्यावर हसतात. माझ्या नवऱ्याच्या हातात पाना दिसला की पारावरून कुणीतरी हमखास विचारतं, "जेवलास का रं?" हसू देत. मी असल्या हसण्याचं मनावर घेत नाही, आणि घेतलंच तर जागच्या जागी उत्तर देऊन मोकळी होते.

मी मूळची राजेश्वर गावची. लग्न होऊन मेहकरला आले तेव्हा या घरात दोनच माणसं होती, नवरा आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळं या घरात माझा शब्द चालतो, असं मी समजते. सासरे, म्हणजे अप्पा, तसं समजत नाहीत. त्यांनी जन्मभर गवंडीकाम केलं, तेही लाल दगडाचं. आमच्या बीदरच्या माळावर थोडं खणलं की हा दगड लागतो. खाणीतून काढला तेव्हा कुऱ्हाडीनं तासता येईल इतका मऊ असतो, आणि ऊन-वारा खाऊन वर्षागणिक कडक होत जातो. "अप्पा, तुमचंबी तसंच झालंय," असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाले होते. ते म्हणाले, "व्हय. आता तासायची येळ गेली."

आमचा ट्रक छोटा आहे, सहा चाकी. आधीचा मालक त्यातून खडी वाहायचा. खडीचं वजन पेलावं म्हणून त्यानं मागच्या दोन्ही बाजूंना जास्तीचे पाटे घातले होते. पाटे म्हणजे चाकांच्या वर एकावर एक बसवलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या. गाडी खड्ड्यात आदळली की दणका त्या खातात. आमच्या गाडीचे पाटे इतके झाले होते की ते काही खायला तयारच नव्हते, सगळा दणका थेट मालाला. खडीला त्याचं काय? पण आम्ही वाहतो पपई. कमलनगरकडच्या शेतांतून माल भरायचा आणि हैदराबादला उतरवायचा. कागदात गुंडाळून, खाली पेंढा घालून भरलेली पपई तिथं पोचेपर्यंत एका बाजूनं काळी पडायची. व्यापारी दोनदा कुरकुरला आणि तिसऱ्यांदा सरळ म्हणाला, पुढच्या तोडणीला असाच माल आला तर मी दुसरी गाडी सांगतो.

म्हणून जास्तीचे पाटे काढायचे ठरले. कमलनगरच्या गॅरेजात गाड्यांची रांग होती. माझ्या नवऱ्यानं स्वतःची गाडी घेण्याआधी बरीच वर्षं गॅरेजातच हात काळे केलेले, त्यामुळं काम त्याला येत होतं. "घरीच करू," तो म्हणाला. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्याच्या हातावर माझा विश्वास आहे. विश्वास नाही तो त्याच्या घाईवर.

त्याची पद्धत अशी, की जॅक लावायचा, गाडी उचलायची आणि लगेच पाठीवर पडून खाली सरकायचं. वर एवढं मोठं धूड आणि त्याला आधार काय, तर तेलाच्या जोरावर उभा असलेला हातभर जॅक. कमलनगरच्या बसस्टँडजवळ एक जीप जॅकवरून घसरताना मी पाहिलेली आहे. खाली कुणी नव्हतं. पण तो आवाज माझ्या पोटात अजून आहे. पुढं कितीतरी दिवस ह्याचे नुसते पाय गाडीखालून बाहेर आलेले दिसले की मी हातातलं काम टाकून तिथं जाऊन उभी राहायची आणि काहीबाही विचारत बसायची, उत्तर आलं म्हणजे माणूस जिता आहे. त्याला वाटायचं, बायकोला बोलायची हौस आहे.

त्या दिवशी सकाळी मी आधीच सांगून टाकलं. "जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला न्हाई. गाडीला टेकू दिल्याबिगर तुम्ही खाली जायचं न्हाई."

"आगं, दोन पाटे काढायचेत. येवढ्यासाठी कामून घोळ घालायलीस?"

"घोळ तर घोळ."

ओट्यावर बसलेले अप्पा हे ऐकत होते. त्यांनी पान थुंकलं आणि उठले. "पोरगी खरं बोलायलीय," ते म्हणाले. मी हरखलेच. अप्पांनी माझी बाजू घ्यावी हे काही रोजचं नव्हतं. पण पुढचं वाक्य ऐकलं आणि हरखणं जागीच राहिलं. "टेकू मी देतो. दगड हाईत की आपल्याकडं."

घराच्या मागं अप्पांनी निवडून ठेवलेले लाल दगड रचलेले होते. माडीवर एक खोली बांधायची त्यांच्या मनात होती, त्यासाठी जमवलेले. प्रत्येक दगड त्यांनी स्वतः पारखून आणलेला, कितीतरी पावसाळे-उन्हाळे खाल्लेला, चारी बाजूंनी तासून चौकोनी केलेला. मी म्हणाले, "अप्पा, दगड नको. या दगडाला भोकं असतात." बस्स. मी जणू त्यांच्या लेकीला नावं ठेवली.

"हे घर कशावर हुबं हाय?" अप्पांनी विचारलं.

"दगडावर."

"कुटल्या?"

"लाल."

"कवा पडलं?"

घर पडलेलं नव्हतं, पडण्यासारखंही नव्हतं. मग अप्पांनी त्यांची नेहमीची गोष्ट काढली, जी आम्हाला दोघांनाही पाठ आहे. कमान बांधताना खालून लाकडाचा सांगाडा देतात. काम सुकलं की सांगाडा काढायचा, आणि काढताना ज्यानं कमान बांधली त्या गवंड्यानं स्वतः तिच्याखाली उभं राहायचं. त्यांच्या गुरूनं लावून दिलेला नियम होता तो. "मी जल्मभर खाली हुबा ऱ्हायलो," अप्पा म्हणाले. "डोस्क्यावर माती बी पडली न्हाई कवा." यातलं एक अक्षरही खोटं नाही. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणं अवघड.

आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. तिच्यावर वजन दिलं तर ती तडकणार, म्हणून नवऱ्यानं ट्रक शेजारच्या मुरमाच्या मोकळ्या जागेत घेतला. एवढा शहाणपणा त्याला होता. मागची चाकं उचलायची म्हणजे हातब्रेकचा काही उपयोग नाही, म्हणून पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. फळीवर जॅक ठेवून मागची बाजू उचलली आणि चाकं काढली. मग अप्पांनी चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन्ही लोखंडी दांड्यांखाली एकावर एक दगड रचले. हात फिरवून, डोळा बारीक करून, ओळंबा लावल्यासारखे सरळ. जॅक हळूहळू खाली आला आणि ट्रकची मागची बाजू त्या दोन लाल खांबांवर टेकली. दिसायला इतकं सुरेख दिसत होतं की देवळातच नेऊन ठेवावं.

नवऱ्यानं पोतं अंथरलं. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आधी जेवण."

इथं मला माझ्या बापाबद्दल सांगायला हवं. राजेश्वरच्या पंचक्रोशीत तो विहिरी खोदायची कामं घ्यायचा. मी भाकरी घेऊन जायची आणि तो वर येईपर्यंत काठावर बसायची. खाली बघायला मला मनाई होती, म्हणून मी दोर बघत बसायची. विहिरीची कड कुठं ढासळेल असं वाटलं की तो लाकडाचा टेकू द्यायचा, आणि टेकू दिल्यावर लगेच कधी खाली उतरायचा नाही. सगळ्यांना वर बोलवायचा आणि जेवायला बसवायचा. "टेकू लावला की घडीभर समदंच घट दिसतंय," तो म्हणायचा. "खरं काय ते भाकर खाईपत्तर कळतंय." आणि जेवायला जाताना भेगेमध्ये एक वाळली तुराटी अडकवून जायचा. तूर झोडपून झाल्यावर उरलेली ही काडी वाळली की जरा दाबली तरी कट्कन मोडते. जेवून आल्यावर तुराटी शाबूत असेल तर उतरायचं. मोडली असेल तर टेकू नव्यानं द्यायचा.

मी चुलीच्या जळणातून एक सरळ तुराटी उपसली. चासीच्या खाली, अप्पांच्या दगडांच्या शेजारी, जमिनीवर खापरीचा चपटा तुकडा ठेवला आणि मापात तोडलेली तुराटी त्यावर ताठ उभी केली. वरचं टोक चासीला घट्ट लागलेलं. गाडी नखभर जरी खाली आली तरी ती मोडणार.

"हे काय आनि?" अप्पा.

"तुमच्या दगडाला सोबत."

राग आला की अप्पा कानडीत जातात. "साकु," ते म्हणाले, म्हणजे पुरे झालं. मग नवऱ्याकडं वळून म्हणाले, "सर बाजूला. तुझ्या बायकोला भरोसा न्हाई. आधी मी जातो खाली."

आता माझी खरी पंचाईत झाली. एकाला वाचवायला गेले तर दुसराच तयार. नवरा निदान चपळ तरी आहे. अप्पांना जमिनीवरून उठायलाच हाताचा आधार लागतो. मी भांडले नाही. मी म्हणाले, "अप्पा, पुंडीची भाजी केलीय. गार झाली की तुम्हीच बोलणार." अंबाडीच्या भाजीला आमच्याकडं पुंडी म्हणतात, आणि अप्पांचा तिच्यावर जीव आहे. ते थांबले. हात-पाय धुऊन, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करून पाटावर येऊन बसले, पण माझ्याकडं बघेनात.

ते जेवण मी विसरणार नाही. ज्वारीची भाकरी, पुंडी, कारळाची चटणी, आणि तिघांच्या मध्ये दगडासारखी शांतता. नवरा दर घासाला दाराकडं बघत होता. अप्पा मुद्दाम सावकाश जेवत होते, मला खिजवायला. मी मुद्दाम आणखी भाकरी वाढत होते. शेवटी भांडी घासून पालथी घातली आणि आम्ही बाहेर आलो.

ट्रक होता तसाच उभा होता. पण तुराटी मोडून खाली पडली होती.

हातच्या काकणाला आरसा कशाला? पण अप्पांनी आरसा शोधलाच. शेजाऱ्यांची एक तांबडी कोंबडी ट्रकखाली मुरूम उकरत होती. "ती बग," अप्पा म्हणाले. "कोंबडीनं पाडली."

"कोंबडीनं पाडली असती तर सबंद पडली असती. ही मोडलीय."

"कोंबडीला काय अक्कल हाय, सबंद पाडायची का मोडायची?"

नवरा हसला. मीही हसले असते, पण मोडलेले तुकडे माझ्या हातात होते. मी कोंबडी हाकलली, दुसरी तुराटी मापात तोडली आणि पुन्हा उभी केली. "आता चहा होईपर्यंत थांबा," मी म्हणाले. "मी इथंच बसते, कोंबडी राखत. चहा ह्यांना करू द्या."

अप्पांचा संयम तिथं संपला. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी डोक्याला गुंडाळला, धोतराचा सोगा खोचला आणि पोत्यावर एक गुडघा टेकला. दुसरा टेकण्यासाठी खाली वाकले. नवरा म्हणाला, "अप्पा, राहू द्या की." मी म्हणाले, "अप्पा, नका." त्यांनी आमच्याकडं पाहिलंही नाही.

तेवढ्यात तुराटी मोडली.

आवाज केवढा, तर जळण मोडताना होतो तेवढा. कट्. तुराटीचे दोन तुकडे झाले आणि वरचा तुकडा अप्पांच्या हाताजवळ येऊन पडला. कोंबडी नव्हती, वारा नव्हता, कुणी हात लावला नव्हता. नवऱ्यानं अप्पांना दोन्ही काखांत धरून मागं ओढलं आणि दोघंही मुरमात बसले. ट्रक पडला नाही. दुरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, झालं काय? एक काडी मोडली. पण मधल्या दगडाच्या कडेवरून तांबडा भुगा बारीक धारेनं खाली गळत होता, आणि तो आम्ही तिघंही बघत होतो.

नवऱ्यानं बाजूनं जॅक लावून गाडी परत उचलली आणि दगड बाहेर घेतले. मधल्या दगडाला भोकांमधून आरपार तडा गेला होता. अप्पांनी तो उचलला, तर अर्धा त्यांच्या हातात आला आणि अर्धा खाली राहिला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग दगड खाली ठेवला आणि घरात गेले.

त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. ज्या माणसानं, मी नांदायला आले त्या दिवशी, हे घर दाखवताना मला आधी भिंतीवर हात फिरवायला लावला होता, त्याच्याच दगडाचा भुगा मी त्याला त्याच्याच अंगणाशेजारी दाखवला. पण तुराटी नसती तर काय झालं असतं हेही मला दिसत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटत होत्या आणि मला नुसतं चिडायला येत होतं. मी नवऱ्यावर चिडले. "तुम्ही कामून हसलात कोंबडीवर?" तो बिचारा म्हणाला, "तू बी हसलीस की." "मी कुठं हसले?" असं आमचं चाललेलं असताना घरात माळ्यावरून काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला.

अप्पा शिडी धरत धरत माळ्यावर चढले होते. तिथं बाभळीच्या जाड तुळया होत्या, कितीतरी वर्षं वाळवलेल्या. माडीवरच्या खोलीच्या चौकटीसाठी त्यांनीच राखलेल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं, टेकू आमच्या डोक्यावरच होता आणि आम्ही मागून दगड वाहत होतो. पण मला ते लाकूड माहीत असूनही मी मागितलं नसतं. त्या चौकटीबद्दल अप्पा किती वेळा बोलले होते ते मलाच ठाऊक.

नवऱ्यानं तुळया खाली घेतल्या. अप्पांनी करवत काढली. नवरा म्हणाला, "मी कापतो," तर ते नको म्हणाले. कापता कापता त्यांनीच बोलायला सुरुवात केली, माझ्याकडं न बघता.

"भिंतीत दगडाला शेजार असतोय," अप्पा म्हणाले. "हिकडून तिकडून, म्हागं पुढं. समदे मिळून वजन खात्यात. मी त्याला येकट्याला हुबा केला, वरून लोखंडाची धार दिली. दगडाची काय बी चूक न्हाई."

"मी दगडाला काय म्हणालेच नाही, अप्पा," मी म्हणाले.

"म्हनालीस. भोकं असत्यात म्हनालीस."

"ते तर असतात."

"असत्यात," अप्पा म्हणाले आणि करवत थांबवून माझ्याकडं बघून हसले. माझ्या जिवावरचं ओझं तिथं उतरलं.

लाकडाचे सारखे ठोकळे झाले. ते अप्पांनी एकावर एक सरळ न रचता जोडीजोडीनं रचले. दोन आडवे, त्यांवर उलट्या दिशेनं दोन, पुन्हा दोन आडवे. खाली रुंद, चारी बाजूंनी मुरमावर पक्के बसलेले. एकेका ठोकळ्याला ते हातानं हलवून बघत, जरा डुगडुगला की काढून मुरूम सारखा करून परत बसवत. वर चासी टेकते तिथं सगळ्यात रुंद ठोकळा. गाडी त्यावर उतरवल्यावर नवऱ्यानं काढून ठेवलेली चाकं चासीखाली आडवी सरकवली. यदाकदाचित टेकू सुटलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. मग त्यानं गाडीला बाजूनं दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं, जोर लावून. गाडी ढिम्म.

मी तुराटी आणायला वळले तर अप्पांच्या हातात ती आधीच होती. त्यांनी ती चाकूनं मापात कापली, खापरीवर उभी केली, टोक चासीला लागलंय का ते बोट फिरवून पाहिलं.

"चला," ते म्हणाले, "जेवू."

नवरा म्हणाला, "आत्ताच तर जेवलो!"

"मंग परत जेवू."

भाकरी संपल्या होत्या. मी चुरमुरे भिजवले, कांदा-मिरची परतून त्यांचा सुशीला केला, वर दाण्याचं कूट घातलं. या वेळी कुणी गप्प नव्हतं. अप्पांनी कमानीखाली उभं राहण्याची गोष्ट परत सांगितली, आणि मी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी ऐकली. कोंबडीला दोषमुक्त करण्यात आलं. भांडी घासली, पालथी घातली. बाहेर आलो. उन्हं कलली होती. तुराटी उभी होती, केसभरही वाकलेली नव्हती.

नवऱ्यानं पाना घेतला आणि पोत्यावर बसून पाय पुढं सोडले. अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊट."

"आता काय आणि?"

"टेकू मी लावलाय," अप्पा म्हणाले. "आधी मी."

सकाळी त्यांना अडवायला माझ्याजवळ नियम होता. आता नियम पाळून झाला होता, आणि हा दुसरा नियम त्यांचा होता, माझ्या बापाच्या नियमाइतकाच जुना. नवऱ्यानं त्यांना हात देऊन खाली बसवलं. ते पाठीवर पडले, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि टाचा रोवत हळूहळू आत सरकले. डोकं गेलं, छाती गेली. बाहेर फक्त त्यांचे पाय राहिले, जन्मभराच्या चुन्यानं पांढरे पडलेले, भेगाळलेले. मी त्या पायांजवळ उकिडवी बसले. लहानपणी विहिरीच्या काठावर दोराकडं बघत बसायची तशी त्या पायांकडं बघत बसले, आणि मला कळलं की हा म्हातारा माझाही बाप झालेला आहे, कधीचा.

खालून ठोकळ्यांवर बोटं वाजवल्याचा आवाज आला. मग अप्पांचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा.

"पोरी."

"काय अप्पा?"

"हितून तुझी तुराटी दिसायलीय."

"मोडली?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "हुबी हाय. दे त्याला पाठवून."